नाशिकहून मूळ गावी आणि जलदुर्गावर : कोकणच्या पहिल्या फेरीत कोणतं काम आधी, कोणतं नंतर

नाशकात कोकणातून आलेली घरं पुष्कळ आहेत. कुणाचे आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागले, कुणाचे वडील सातपूर-अंबडच्या कारखान्यात, कुणी ओझरला. दोन पिढ्यांत गावाशी संबंध उरला तो आडनावातल्या 'कर'पुरता. आता मुलं मोठी झाली, हाताशी गाडी आहे, आणि 'एकदा आपलं गाव बघून येऊ, तिथला समुद्रातला किल्लाही बघू' असं घराघरात ठरतं.

ठरतं, पण उलट्या क्रमाने. तारकर्लीचं किंवा हर्णैचं बुकिंग आधी होतं, गाव 'वाटेत जमलं तर', आणि किल्ला शेवटच्या दिवशी दुपारी. मग होडी बंद मिळते, गावात कुणी ओळखत नाही, बंद घरासमोर फोटो काढून मंडळी परत येतात. दरवर्षी ओळखीपाळखीत हेच होताना दिसतं, म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे. निम्मं काम नाशकातच उरकायचं आहे, आणि तारीख आपल्या रजेवर न ठरवता समुद्र बघून ठरवायची आहे.

## टप्पा १ : घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नेमकी माहिती काढा

'आपलं गाव कुठलं?' हा प्रश्न अपुरा आहे. उत्तर येतं 'मालवणकडचं' किंवा 'रत्नागिरीजवळ'. थकलेल्या माणसाला तालुका आठवत नाही, पण लहानपणीचा प्रवास पक्का आठवतो. तेव्हा असं विचारा :

१. मुंबईहून बोटीने जायचात तेव्हा कुठल्या बंदराला उतरायचात? हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बोटीची जुनी बंदरं. यांतलं एक नाव निघालं की पट्टा हाती लागतो. शिवाय यांतल्या बऱ्याच बंदरांवर किंवा जवळपास किल्ला आहे, त्यामुळे पुढचा टप्पाही सोपा होतो.
२. बंदरावरून किंवा एसटी थांब्यावरून पुढे किती चालायचात? वाटेत नदी किंवा खाडी लागायची का? ती ओलांडायची तर, म्हणजे होडी, कुठे होती?
३. वाडीचं नाव काय? कोकणातलं गाव वाड्यांचं असतं आणि दोन वाड्यांमध्ये डोंगर असू शकतो. वाडी कळल्याशिवाय घर सापडत नाही.
४. ग्रामदेवता कोण? रवळनाथ, सातेरी, वेतोबा, भैरी, जाकादेवी? पालखी घरी यायची का? कुठल्या सणाला?
५. नाशकात येण्यापूर्वी आडनाव काय लावत होते?

पाचवा प्रश्न हमखास राहतो. शहरात आल्यावर गावाच्या नावावरून आडनाव घेतलं आणि मूळचं राणे, परब, सावंत, कदम मागे पडलं, अशी घरं खूप आहेत. गावच्या कागदावर मात्र जुनंच आडनाव असतं.

बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. एकाच बैठकीत सगळं विचारू नका; पहिल्या दिवशी विचारलेल्याचं उत्तर पुष्कळदा दोन दिवसांनी, जेवताना, आपोआप येतं. आत्याला वेगळं विचारा. माहेरची आठवण लेकींना जास्त स्पष्ट असते असा माझा अनुभव आहे.

## टप्पा २ : पंचवटीतली वही बघा

नाशिककरांच्या हाताशी असलेलं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन हेच. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान् पिढ्या जपलेल्या आहेत. अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला, सिंहस्थाला गोदेवर आलेल्या माणसाने त्यात स्वतःचं नाव, वडील-आजोबांचं नाव, भाऊ, मुलं आणि गाव लिहून ठेवलेलं असतं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या वेगळ्या. एका ठिकाणी नाव सापडलं नाही तर दुसरीकडे विचारा.

कसं जायचं :

१. अमावास्या, पितृपक्ष आणि मोठ्या पर्वणीचे दिवस टाळा. साध्या दिवशी दुपारनंतर गेलात तर गुरुजींना वेळ असतो. सिंहस्थाच्या गर्दीत तर हे काम काढूच नका.
२. रामकुंडावर कुणालाही वही मागून उपयोग नाही. उपाध्याय गाव, प्रांत आणि आडनावानुसार वाटलेले आहेत. 'अमुक आडनाव, अमुक पट्टा, यांचे उपाध्याय कोण?' असं विचारत जा.
३. मूळ आडनाव, गोत्र किंवा देवक, कुलदैवत, आजोबा-पणजोबांची नावं कागदावर लिहून न्या.
४. वही त्यांची मालमत्ता आहे. परवानगीशिवाय फोटो काढू नका. दक्षिणा यथाशक्ती द्या, पण द्याच.

जुनी पानं मोडी लिपीत असतात. लांबट, आडव्या बांधणीच्या वहीत एकाखाली एक नोंदी, शाई तपकिरी झालेली, एका हाताचं अक्षर संपून दुसऱ्याचं सुरू होतं. मध्येच एखाद्याने मुलाचं नाव नंतर बारीक अक्षरात घुसवलेलं. गुरुजी वाचून दाखवतात तेव्हा घाई करू नका. नाव आणि गाव यांच्यामध्ये वाडीचा किंवा परगण्याचा उल्लेख असू शकतो, आणि आपल्याला हवी असलेली गोष्ट तीच असते.

शेवटी आपली नोंद करायला सांगतात. ती नीट करा : गाव, वाडी, तालुका, नाशिकचा पत्ता, मुलाबाळांची पूर्ण नावं. मुलींचीही लिहा.

तपासा : या दोन टप्प्यांनंतर तुमच्याकडे गाव, वाडी, ग्रामदेवता, मूळ आडनाव आणि किमान तीन पिढ्यांची नावं असायला हवीत. वाडी किंवा मूळ आडनाव अजून मिळालं नसेल तर तिकीट काढू नका.

## टप्पा ३ : कागद घरबसल्या बघून घ्या

महाभूलेखच्या संकेतस्थळावर कोकण विभाग निवडून जिल्हा, तालुका, गाव असं खाली उतरत जायचं आणि नावाने शोधायचं. विनास्वाक्षरीचा सातबारा बघायला पैसे लागत नाहीत. कार्यालयीन कामाला लागणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा शुल्क भरून मिळतो, पण आत्ता त्याची गरज नाही. सध्या एवढंच बघायचं आहे, की आपल्या माणसाचं नाव या गावात आहे का आणि सोबत आणखी कुणाकुणाची आहेत.

इथे होणाऱ्या चुका :

जुना जिल्हा धरून शोधणं. १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता, तो रत्नागिरीचाच भाग होता. रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'मालवण, जि. रत्नागिरी' लिहिलेलं असेल तर आज ते सिंधुदुर्गात शोधायचं. तालुकेही बदलले आहेत. दोडामार्ग सावंतवाडीतून निघाला. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं होती, त्यामुळे तिथल्या जुन्या कागदांची मांडणी वेगळी दिसते.

एकाच आडनावाने शोधणं. मूळ आडनाव आणि आजचं आडनाव, दोन्ही टाकून बघा. नाव न सापडल्यास पणजोबांचं टाका. वारसनोंदच झालेली नसेल तर सातबारावर शंभर वर्षांपूर्वीचा माणूसही अजून 'जिवंत' असतो.

घर सातबारावर शोधणं. राहतं घर गावठाणात किंवा घरठाणात असेल तर त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर मिळते.

सातबारावर सहहिस्सेदारांची नावं दिसतील. ती उतरवून घ्या. हेच तुमचे भाऊबंद, आणि गावात पहिली हाक यांच्यापैकीच कुणाच्या तरी दाराशी मारायची आहे.

सावध : हे उतारे छापून गावात नेऊ नका. कारण सहाव्या टप्प्यात येईल.

## टप्पा ४ : तारीख समुद्राला विचारून ठरवा

सगळ्यात जास्त फेऱ्या इथेच वाया जातात. आधी मोठा नियम : साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, आणि समुद्र खवळलेला असला तर त्यानंतरही लगेच सुरू होत नाहीत. गणपतीला गावी जाऊन येता-येता सिंधुदुर्ग किंवा जंजिरा बघू, हा बेत त्यामुळे बऱ्याचदा फसतो. गणपतीला जायचं तर गावासाठी जा, किल्ला सोडून द्या.

गाव आणि किल्ला दोन्ही हवं असेल तर माझ्या मते दोन काळ चांगले. त्रिपुरी पौर्णिमेनंतर तळकोकणातल्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात. रात्री दशावतार असतो, बाहेरगावची भाऊबंद मंडळी त्या दिवशी येतातच. दुसरा काळ शिमग्याचा. रत्नागिरी जिल्ह्यात पालखी घरोघरी फिरते आणि बंद घरंही तेवढ्यापुरती उघडतात. अनोळखी माणसाला एका दिवसात अख्खं कुटुंब भेटायचं तर याहून चांगली वेळ नाही. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख मात्र आधी बघून घ्या. ती देवीच्या कौलाने ठरते, पंचांगात सापडत नाही, आणि त्या दिवसांत त्या भागात राहायला जागा नि गाडीला तिकीट दोन्ही मिळत नाही.

आता भरती-ओहोटी. भरती दिवसातून दोनदा येते, साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतराने, आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांचा तोंडी हिशोब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पूर्ण भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास, तर पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेनऊ-दहाला. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं. अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात हा अंदाज बरा बसतो; खाली मालवणकडे भरती थोडी आधी येते.

हा हिशोब घरी तारीख निवडायला पुरेसा आहे. पाण्यात पाय घालायला पुरेसा नाही. जायच्या आधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातली नेमकी वेळ बघा आणि बंदरावर विचारा.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघता येतो, म्हणून तिथे तिथीला फार महत्त्व आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप मागे जातं हे खरं, पण ओहोटी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. संध्याकाळी चालत गेलात तर अंधारात, चढत्या पाण्यात परतावं लागतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, पण तो भांगाचा, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा काळ. पाणी पूर्ण हटत नाही आणि गुडघाभर राहू शकतं. मधले दिवस, चतुर्थी ते षष्ठी, सगळ्यात सोयीचे : सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान ओहोटी, डोक्यावर तितकंसं ऊन नाही. ओहोटीच्या तासभर आधी निघा, वेळ झाल्यावर तासाभरात परत या.

होडीने जायच्या किल्ल्यांसाठी तिथीपेक्षा वारा महत्त्वाचा. हिवाळा-उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी उसळायला लागतं. सकाळची पहिली-दुसरी होडी धरा. जंजिऱ्याला शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत किल्ला बंद असतो, तेव्हा शुक्रवार असल्यास सकाळीच.

तपासा : तारखेपुढे चार गोष्टी लिहा : तिथी, त्या दिवशीची ओहोटी, गावात जत्रा-पालखी आहे का, होड्या सुरू आहेत का. एकही रकाना रिकामा असेल तर बुकिंग थांबवा.

## टप्पा ५ : प्रवास

रायगड जिल्ह्यासाठी कसारा घाट उतरून पनवेल, पेण, वडखळ. पहाटे निघालात तर दुपारपर्यंत अलिबागला पोचता. दापोली-हर्णैसाठी मुंबई-गोवा महामार्गाने महाड किंवा खेडपर्यंत. सिंधुदुर्ग जिल्हा सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दमात गाडी हाणू नका, चिपळूण किंवा रत्नागिरीला मुक्काम करा. पुणे-कोल्हापूरवरून फोंडा घाटाने कणकवलीला उतरणंही चांगलं.

रेल्वेने जायचं तर मंगला एक्सप्रेस नाशिकरोडवरून थेट कोकण रेल्वेमार्गावर जाते. नाहीतर ठाणे किंवा पनवेलला उतरून कोकणकन्या, मांडवी, तुतारी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सणाच्या तारखांना त्याच दिवशी संपतं. मालवणसाठी कुडाळ, विजयदुर्गसाठी कणकवली किंवा वैभववाडी, हर्णैसाठी खेड. स्टेशनपासून गाव बरंच आत असतं, पुढची गाडी आधी ठरवून ठेवा.

## टप्पा ६ : गावातला पहिला दिवस

इथे रेंगाळतो, कारण इथली चूक पुढच्या फेरीत दुरुस्त होत नाही.

आधी निरोप. ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांकडे फोन करून सांगा : अमुक वाडीतल्या अमुक यांचा नातू, नाशकात असतो, अमुक दिवशी येतोय, चार माणसं आहोत. माणसांचा आकडा सांगाच. कोकणातल्या घरात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि न सांगता दुपारी आठ जण उभे राहिले तर चुलीपुढच्या बाईवर संकट येतं.

वेळ. रात्रीचा मुक्काम तालुक्याच्या ठिकाणी करून सकाळी नऊच्या सुमारास वाडीत शिरा. तिन्हीसांजेला नवख्या माणसाने शिरू नये.

ओळख. आपलं नाव, हुद्दा, नाशकातला फ्लॅट यांनी काही उलगडत नाही. 'तुमी कोणाचे?' असं विचारतील. उत्तर आजोबांच्या नावापासून द्या : अमुक यांचा नातू, तमुक यांचा पणतू, अमुक वाडीतले, आंब्याखालचं घर. पहिल्या टप्प्यातली नावं इथे कामाला येतात. समोरचा म्हातारा दोन नावं पुढे जोडतो आणि मग 'अरे, तू तर माझो पुतणो' म्हणतो. नात्याप्रमाणे लगेच काका, काकी, आजी म्हणा, वाकून नमस्कार करा. वयाने लहान पण नात्याने काका लागणारेही भेटतील. तिथे नातं मोठं.

भेट. नाशिकची द्राक्षं, मनुका, चिवडा न्या, पण भाऊबंदांच्या प्रत्येक घरी सारखं. एका घरी पेटी आणि दुसऱ्या घरी पुडा असं झालं तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. दोन घरांचं आपसात बोलणं बंद असेल तर कारण विचारू नका, दोन्हीकडे बसा, दोन्हीकडे चहा घ्या.

देवळात. घरी टेकल्यावर किल्ल्याकडे न पळता ग्रामदेवतेला जा. एकट्याने जाऊ नका, घरच्या कुणाला सोबत घ्या आणि गुरवाला किंवा मानकऱ्यांना आधी सांगा. नारळ आणि विडा पुढे ठेवला की ते देवाला गाऱ्हाणं घालतात. 'बा देवा महाराजा' म्हणून सुरुवात होते, मग तुमच्या आजोबांचं नाव, कुठून आलात, कुणाकुणाला घेऊन आलात, मुलाबाळांची राखण कर, वाट चुकलेल्याला सांभाळून घे. आणि प्रत्येक वाक्याला भोवतीची माणसं 'व्हय महाराजा' म्हणतात. तुम्हीही म्हणा. या वेळी मोबाइल खिशात ठेवा. सोयर-सुतक असेल तर आधी सांगा, लपवू नका. गाभाऱ्यात कुणी जायचं, ओटी कुणी भरायची हे गावाचं ठरलेलं असतं, विचारूनच पुढे व्हा.

सावध : पहिल्या फेरीत जमिनीचा विषय काढू नका. सातबारा, हिस्सा, वाटणी, विक्री, यातला एकही शब्द नको. इतक्या वर्षांनी आलेला भाऊबंद हिस्सा मागायलाच आला असणार, ही धास्ती प्रत्येक घरात असते, आणि ती अगदीच निराधार नसते. ज्यांनी एवढी वर्षं कलमं राखली, गडगे घातले, देवाची पाळी चुकवली नाही, त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी उतारा काढणं अपमानाचं आहे. त्यांनीच विषय काढला तर 'काका, आज बघायला आलोय, ते सावकाश बोलू' एवढंच म्हणा. कायदेशीर हक्क कुठे पळून जात नाही.

## टप्पा ७ : बंद घर उघडताना

घर सामाईक असतं. किल्ली कुणाकडेही असो, सगळ्या हिस्सेदारांना कळवूनच कुलूप काढा. दार उघडून लगेच आत शिरू नका. मागचं-पुढचं दार उघडून वारा खेळू द्या. गावातलं जाणतं माणूस पुढे, हातात काठी आणि बॅटरी. साप-विंचवाला बंद माजघर, ओल्या लाकडांची रास आणि माळा आवडतो. माळ्यावर चढू नका. वरून धड दिसणारा वासा वाळवीने आतून पोखरलेला असतो. विजेचं मुख्य बटण वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करू नका. बऱ्याच दिवसांत उपसा न झालेल्या विहिरीचं पाणी पिऊ नका.

जुनी पत्रं, पावत्या, तांब्या-पितळेची भांडी, देव्हाऱ्यातले टाक दिसतील. काहीही उचलून नाशकाला आणू नका. कागदांचे फोटो तिथेच, सगळ्यांसमोर काढा.

## टप्पा ८ : आता किल्ला

आपल्या तालुक्याचा किल्ला कोणता ते बघा. अलिबागला कुलाबा आणि खांदेरी-उंदेरी, मुरूडला जंजिरा आणि पद्मदुर्ग, दापोलीला सुवर्णदुर्ग, गुहागरला गोपाळगड, रत्नागिरीला रत्नदुर्ग आणि जयगड, देवगडला विजयदुर्ग, मालवणला सिंधुदुर्ग. एका फेरीत एकच, फार तर दोन. यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले (आपल्या बागलाणातला साल्हेरही त्याच यादीत आहे), त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. सोमवार ते गुरुवार बरा.

ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर विजयदुर्ग निवडा. तो जमिनीला जोडलेला आहे, रस्त्याने जाता येतं, होडीची भानगड नाही, आणि तटावरून वाघोटण खाडीचं मुख समोर दिसतं. सिंधुदुर्गाला मालवणच्या धक्क्यावरून नियमित होड्या आहेत. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. सुवर्णदुर्गाला हर्णैहून होडी ठरवावी लागते, आणि उतरताना पाय भिजणार हे धरूनच चालायचं. पद्मदुर्ग आणि खांदेरी आधी चौकशी केल्याशिवाय ठरवू नका.

होडीत चढण्यापूर्वी :

१. किल्ल्यावर किती वेळ मिळणार हे विचारा. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात. सिंधुदुर्गाचा तट सुमारे तीन किलोमीटर आहे, तासात होत नाही. जास्त वेळ हवा असल्यास तो आधी बोलून घ्या, नंतर हुज्जत नको.
२. जीवरक्षक जॅकेट अंगात घालून पट्टे बांधा. मांडीवर घेऊन बसू नका. मुलांच्या मापाचं नसेल तर मागून घ्या, नसेलच तर दुसरी होडी.
३. होडी भरलेली दिसली तर उतरा. पुढची येते.
४. पायात पकड असलेले बूट किंवा पट्ट्याच्या चपला. प्रत्येकाला लिटरभर पाणी, टोपी. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत.

उतरतानाचा क्षण सगळ्यात जोखमीचा. होडी दरवाज्याच्या पायरीला लागते तेव्हा लाटेबरोबर वर-खाली होत असते आणि फळी नि दगड यांच्यामध्ये फट उघडते, मिटते. होडी खाली जात असताना पाऊल उचललंत तर पाय हवेत राहतो. ती वर येऊन क्षणभर ठरली, की नावाड्याचा हात पंजाऐवजी मनगटापाशी धरा आणि एकच पाऊल ठामपणे पायरीच्या मध्यावर टाका. हिरवट काठावर नको, तिथलं शेवाळ घसरवतं. हातात पिशवी, खांद्यावर मूल असं काही नको. मूल आधी नावाड्याने उतरवून द्यायचं.

किल्ल्यावर आधी पूर्ण तटफेरी करा, मग आतली ठिकाणं. ऊन चढण्याआधी तट होतो. सिंधुदुर्गाचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर सुरू झालं. गोमुखी वळणाचा दरवाजा आत शिरेपर्यंत नीट उमगत नाही. मुलांना होडीतूनच विचारा, दार कुठे दिसतंय? दूधबाव, दहीबाव, साखरबाव या भर समुद्रातल्या गोड्या विहिरी, शिवरायांच्या हाता-पायाचे चुन्यातले ठसे आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर, एवढ्यासाठी वेळ राखून ठेवा. परत आल्यावर मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघा. किल्ल्याच्या बांधकामाची पूजा तिथे झाली, आणि बहुतेक लोक गाडी वळवून निघून जातात.

सावध : तटाच्या कठड्यावर चढून फोटो नाही, तोफेवर बसणं नाही, ड्रोन परवानगीशिवाय नाही. कुलाब्याला चालत गेला असाल तर एकाने घड्याळ सांभाळायचं. पाणी समोरून येताना दिसतं तसं बाजूनेही भरत येतं, आणि मधला खोलगट भाग आधी भरतो. वेळ चुकली असेल तर पाण्यात उतरू नका, किल्ल्यातच थांबा आणि होडी मिळते का बघा.

## टप्पा ९ : परतल्यावर पंधरा दिवसांत

१. काढलेले फोटो छापून टपालाने गावी पाठवा, प्रत्येक घराला वेगळे. मोबाइलवर पाठवलेले म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचत नाहीत.
२. वंशावळ स्वच्छ लिहून एक प्रत गावी, एक नाशकात आणि एक पंचवटीच्या गुरुजींना. वहीतली अपुरी नोंद तिच्यावरून पुरी होते.
३. देवळाच्या जत्रेची किंवा पालखीची वर्गणी किती, कुणाकडे द्यायची हे विचारून घ्या आणि दरवर्षी न मागता पाठवा.
४. वारसनोंदीचं काम दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीनंतर, सगळ्या भाऊबंदांना सांगून. अर्ज तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क प्रणालीवर करता येतो. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावं लागतात. एकाही बहिणीचं नाव गाळू नका. फेरफाराची नोटीस सगळ्या हिस्सेदारांना जाते. ती हातात पडण्याआधी तुमचा फोन त्यांना गेलेला असावा.